गळ्यातलं फडकं

शनिवारी रात्री दादरला इंडिकेटरखाली उभं राहिलं की शेवटच्या कर्जत लोकलची वाट बघणारी ट्रेकची मंडळी लगेच ओळखू येतात. सॅक आणि बूट तर असतातच, पण माझं लक्ष आधी गळ्याकडे जातं. कुणाच्या गळ्यात कोयरीची नक्षी असलेला लाल बंडाना, कुणाच्या नळीसारखा शिवलेला बफ, कुणी आईची जुनी सुती ओढणी गुंडाळलेली. हे कशासाठी घेतलंय म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ऊन लागू नये म्हणून. फार तर, फोटोत बरं दिसतं म्हणून. इतक्या कामाच्या वस्तूकडून एवढंच काम करून घेतलं जातं याची मला खरोखर खंत वाटते. मी मुलुंडची. लहानपणापासून सह्याद्रीत जाते आहे, आता नवख्यांनाही सोबत नेते. पाण्याची बाटली सोडली तर माझ्या सॅकमधली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे हे चौकोनी सुती फडकं.

बंडानाचा उगम आपल्याच बाजूचा आहे. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनी बंगालमधून, कासिमबाजारच्या परिसरातून, ठिपक्यांचे रंगीत रेशमी रुमाल युरोपात नेऊन विकत असे. तिकडच्या तपकीर ओढणाऱ्यांमध्ये ते फार चालले, कारण गडद रंगावर तपकिरीचे डाग दिसत नसत. पुढे स्कॉटलंडमधल्या कारखान्यांनी सुती कापडावर पक्क्या लाल रंगात तसलेच रुमाल छापायला घेतले, आणि कालांतराने ते अमेरिकेतल्या गुराख्यांच्या गळ्यात जाऊन बसले. काउबॉयच्या रुमालावरची ती वळणदार नक्षी आपली कोयरीच आहे. काश्मिरी शालींबरोबर ती तिकडे पोचली.

पण बंडाना नव्हता तेव्हाही आपल्याकडे कष्टाचं काम अशा कापडाशिवाय कुणी केलेलं नाही. ससून डॉकला पहाटे गेलात तर मासळीची पाटी डोक्यावर घेणाऱ्या मावशी आधी कापडाचा पीळ घालून चुंबळ करतात, मगच पाटी चढते. जुन्या कोळी दादांच्या कमरेला चौकड्यांचा रुमाल असायचा. शेतकऱ्याचं मुंडासं, वारकऱ्याचं उपरणं, भाकरी बांधायचं फडकं, ही सगळी एकाच कुळातली. आणि गडांवर आम्हाला वाट दाखवणाऱ्या मामांच्या खांद्यावरचा पंचा तर मी वर्षानुवर्षं निरखत आले आहे. पाचनईकडून हरिश्चंद्रगडावर जाताना एका मामांच्या मागून मी चालत असे. चढावर पंचा डोक्याला, टेकायला बसले की बुडाखाली, ओढा आला की त्यातून पाणी गाळून घ्यायचं, उतरताना वाटेतल्या काटक्या गोळा करून त्यातच मोळी बांधायची. काम संपलं की झटकून परत खांद्यावर. एकदाही त्यांना विचार करावा लागला नाही.

हे मला महत्त्वाचं वाटतं. दुकानातून आणलेल्या वस्तूबरोबर तिचं काम आयतं येतं. हेडलॅम्पचं बटण दाबलं की उजेड पडतो, शिकण्यासारखं काही उरत नाही. कापडाचं तसं नाही. घडी कशी घालायची, टोक कुठून काढायचं, गाठ कुठे मारायची आणि मुख्य म्हणजे कुठे मारायचीच नाही, हे हाताला यावं लागतं. ते हातात नसेल तर गळ्यातलं फडकं हे निव्वळ फडकंच राहतं.

उन्हापासूनच सुरुवात करते, कारण तिथेही लोक अर्ध्यावर थांबतात. ओला रुमाल मानेवर ठेवला की गार वाटतं, त्यात पाणी थंड असण्याचा वाटा थोडा. खरं काम होतं ते पाणी उडून जाताना. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि त्यातली बरीचशी आपल्या कातडीतून घेतली जाते. मात्र पाणी उडायला हवा कोरडी हवी किंवा वारा हवा. मुंबईच्या आणि पायथ्याच्या कोकणपट्टीच्या दमट हवेत ते उडायलाच तयार नसतं. एप्रिल-मे महिन्यात बोरिवलीच्या गेटपासून कान्हेरीपर्यंत चालत जाताना मानेवरचा रुमाल थोड्याच वेळात कोमट होतो आणि अंगाला चिकटून बसतो. तसा तो ठेवून काही उपयोग नाही. काढायचा, पिळायचा, हवेत दोनचारदा फिरवायचा, पुन्हा ओला करून मानेवर घ्यायचा. तोच रुमाल घाटमाथ्यावर, वारा लागतो अशा धारेवर, क्षणात गार पडतो. म्हणून पायथ्याच्या चढावर ओल्या फडक्याच्या भरवशावर चालत राहू नये. तिथे सावली आणि पाणी हाच इलाज.

पावसाळ्यात गणित उलटं होतं. सुती कापड पाणी धरून ठेवतं, आणि उन्हाळ्यात जो गुण तोच कळसूबाईच्या १,६४६ मीटरवर, धुक्यात आणि भणाणत्या वाऱ्यात, दोष होतो. डोक्याला आणि मानेला गुंडाळलेलं ओलं सुती फडकं अंगातली ऊब ओढत राहतं. जुलैमध्ये माथ्यावर पोचल्यावर कुणी थरथर कापायला लागलं, जीभ जड झाली, प्रश्नाला उत्तर उशिरा यायला लागलं, तर पहिलं काम म्हणजे ओलं कापड अंगावरून काढणं. आपल्याकडे गारठून काय होणार, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. होतं, आणि जिवावर बेततं. पावसाळ्यात माझं एक फडकं प्लास्टिकच्या पिशवीत कोरडं असतं आणि दुसरं बाहेर भिजत असतं.

माथेरानची लाल धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून, किंवा कच्च्या रस्त्यावरच्या वडापमध्ये बसल्यावर फडकं नाकावर बांधणं सगळ्यांनाच माहीत आहे. त्यावर वेगळं काही लिहीत नाही.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं.

सह्याद्रीतल्या गडांवर आणि लेण्यांत पाणी असतं ते कातळात खोदलेल्या टाक्यांमध्ये. कान्हेरीला तर जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी पाण्याची पोढी, म्हणजे असं टाकं, आहे. पावसाचं पाणी उतारावरून त्यांत कसं आणलंय हे बघायला एक अख्खा दिवस द्यावा. आज कान्हेरीला ते पाणी प्यायची वेळ येत नाही, पण आडबाजूच्या गडावर दिवाळीनंतर टाक्यावर वाकलं की काय दिसतं? पालापाचोळा, शेवाळाची साय, आणि बारीक वळवळणारे जीव. इथे फडकं लागतं. एकेरी नाही, चार पदरी. बाटलीच्या तोंडावर मध्ये थोडा खळगा राहील असं धरायचं आणि पाणी हळूहळू ओतायचं.

त्या पाचनईच्या मामांना मी एकदा म्हटलं होतं, "मामा, पंचा किती जुना झालाय, नवा आणू का पुढच्या वेळी?" ते म्हणाले, "नवं कापड पाण्याला नाय चालत ताई. जुनं होऊ द्या, मग बराबर गाळतं." तेव्हा मला वाटलं, हा सवयीचा जिव्हाळा असेल. पुढे बांगलादेशातल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं आणि मामांचं वाक्य नव्याने कळलं. रीटा कॉलवेल या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मतलब नावाच्या भागातल्या ६५ गावांमध्ये हे तपासलं होतं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या अतिसूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात. ते प्राणी गाळले गेले की जंतूंचा मोठा भाग त्यांच्याबरोबर जातो. बायकांना साडीच्या कापडाची किमान चार पदरी घडी करून पाणी गाळायला शिकवलं, आणि तिथलं कॉलऱ्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झालं. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यातही जुनी, पुष्कळदा धुतलेली साडी नव्या साडीपेक्षा चांगली ठरली होती, कारण धुऊन धुऊन सूत मऊ होतं, तंतू विसविशीत होऊन पसरतात आणि विणीतली छिद्रं बारीक होतात. मामांना हे त्यांच्या हातांनी सांगितलं होतं.

आपल्या महाराष्ट्राला तर याचा आणखी जवळचा अनुभव आहे. नारूचं नाव माझ्या आजीच्या पिढीने भीतीने घेतलेलं आहे. पायातून हातभर लांब जंत बाहेर येणारा हा रोग पायविहिरींच्या आणि तळ्यांच्या पाण्यातून पसरायचा, कारण त्याच्या अळ्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवांच्या पोटात असतात. या रोगावर ना लस होती, ना औषध. लोकांना पाणी गाळून प्यायला शिकवलं, पायविहिरी बदलल्या, हातपंप बसवले, आणि रोग गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि २००० साली भारत नारूमुक्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. त्या लढाईत दुपदरी फडक्याचा वाटा मोठा होता. टाक्यावर वाकून पाणी गाळताना हे मला नेहमी आठवतं, आणि ही गोष्ट मी सोबतच्या मुलांना तिथेच, टाक्याच्या काठावर बसून सांगते.

आता मर्यादा. फडक्यातून गाळलेलं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण ते निर्जंतुक नसतं. सुटे जीवाणू, विषाणू कापडातून आरामात जातात. गाळल्यावर पाणी खळखळून उकळायचं किंवा क्लोरीनची गोळी टाकून सांगितलेला वेळ थांबायचं. गाळणं ही पहिली पायरी आहे, आणि ती वगळू नये, कारण गढूळ पाण्यात क्लोरीनचा बराच भाग गाळ आणि पाल्यावरच खर्ची पडतो. आणि एक कळकळीचं सांगणं: टाक्यात फडकं बुचकळून धुऊ नका. त्या पाण्यावर गावची माणसं, गुराखी, मागून येणारे सगळे अवलंबून असतात. बाटलीभर पाणी बाजूला घेऊन, टाक्यापासून लांब जाऊन धुवा.

उन्हाळ्यात कातळाच्या फटीतून नुसता पाझर येत असतो, धार धरत नाही, बाटली लावायला जागा नसते. तिथे फडक्याचं एक टोक फटीत सारायचं आणि दुसरं बाटलीच्या तोंडात सोडायचं. पाणी कापडाच्या अंगाने वाहत येतं. वेळ लागतो, पण तोवर माणसं सावलीत बसलेली असतात. टाकं खोल गेलं असेल तर दोरीला फडकं बांधून खाली सोडायचं, भिजलं की वर ओढून पातेल्यात पिळायचं. असं पाणी उकळूनच घ्यायचं.

दुसरा मोठा भाग प्रथमोपचाराचा, आणि इथे कापडाच्या आकाराचा प्रश्न येतो. दुकानात मिळणारा बंडाना साधारण ५५ सेंटिमीटरचा चौकोन असतो. कर्णावर मोजला तर पाऊण मीटरच्या जरा पुढे. डोक्याला बांधायला पुरतो, मोठ्या माणसाचा हात झोळीत घ्यायला पुरत नाही. प्रथमोपचारातली त्रिकोणी पट्टी कापतात ती जवळजवळ मीटरभर चौकोनातून. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीड्रिख फॉन एस्मार्क यांनी एकोणिसाव्या शतकात ही पट्टी सैनिकांपर्यंत नेली, आणि तिच्यावरच ती कशी बांधायची याची चित्रं छापून दिली. वापरायची रीत कापडावरच, हे मला आजही अफाट वाटतं. पुढे स्काऊटच्या गळ्यातला स्कार्फ याच कामाला लागला. आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या मैदानावर तो स्कार्फ आणि वॉगल घालून कवायत केली आहे, रीफ नॉटही घोकली आहे: डावं उजव्यावर, मग उजवं डाव्यावर. ती गाठ सपाट बसते, टोचत नाही, आणि सोडवायला सोपी असते.

झोळी बांधताना कोपर काटकोनात आणि मनगट कोपरापेक्षा किंचित उंच ठेवायचं. त्रिकोणाचं मधलं टोक दुखऱ्या कोपराकडे, लांब कड छातीवर उभी, वरचं टोक चांगल्या बाजूच्या खांद्यावरून मानेमागे. खालचं टोक हातावरून वर घेऊन दुखऱ्या बाजूला गळ्याच्या हाडावरच्या खळग्यात गाठ मारायची, मणक्यावर नाही. बोटं उघडी दिसली पाहिजेत. नख दाबून सोडलं की दोनेक सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. नाही झालं तर पट्टी सैल करायची.

सह्याद्रीत सगळ्यात जास्त काय होत असेल तर पाय मुरगळतो, आणि तोही बहुतेकदा उतरताना, घसाऱ्यावर, सगळे दमलेले असताना. चालत खाली जाणं भाग असेल तर बूट काढू नये, काढला की सूज येऊन परत चढत नाही. मोठ्या फडक्याची दुमडून दुमडून चार बोटं रुंद पट्टी करायची. पट्टीचा मध्य बुटाखाली, टाचेच्या जरा पुढे. दोन्ही टोकं टाचेमागे एकमेकांवरून नेऊन पुढे आणायची, पावलावर फुली घालायची, मग दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांखालून ओवून ताणायची आणि पुढे गाठ. घोट्याला आधार मिळतो आणि माणूस काठीच्या साहाय्याने सावकाश उतरू शकतो. बोटं बधिर झाली की थांबून सैल करायचं. हाड मोडल्याची शंका असेल, पाऊल टेकवतच नसेल, तर चालवायचं नाही.

कापलं, रक्त वाहतंय, तर स्वच्छ फडक्याची जाड घडी जखमेवर ठेवून तळहाताने दाबून धरायचं. दाबून धरायचं, आणि दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. घडी भिजली तर काढू नये, तिच्यावरच दुसरी ठेवावी.

आणि साप. इथे माझा आवाज चढतो, चढू द्या. साप चावला तर फडकं वर आवळून बांधायचं नाही. गावातली म्हातारी माणसं अजून मायेने सांगतात, "वर आवळून बांध गं बाई." त्यांचा मान राखूनही हे ऐकायचं नाही. घोणस आणि फुरसे यांचं विष मांस कुजवतं. पाय आवळला की ते तिथेच कोंडून राहतं, रक्त अडतं, आणि पाय गमवायची वेळ येते. गाठ सोडल्यावर विष एकदम अंगात पसरण्याचा धोका वेगळाच. कोकणात उतरणाऱ्या वाटांवर तर फुरसं दगडादगडाआड असतं. फडक्याचं काम इथे वेगळं आहे: काठी किंवा गुंडाळलेली मॅट पायाला लावून, मोडलेलं हाड स्थिर करतात तसा पाय स्थिर करायचा, सैलसर बांधून. अंगठ्या, पैंजण, घड्याळ काढायचं. माणसाला चालू द्यायचं नाही, उचलून न्यायचं, १०८ ला फोन करायचा आणि प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठायचं. परळच्या हाफकिनचं नाव मुंबईत वाढलेल्या प्रत्येकाच्या कानावर असतं. तिथे तयार होत आलेलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालतं. दंशावर तोच एक इलाज आहे. चिरा देणं, चोखणं, पट्टा आवळणं, यातलं काहीही नाही.

विंचवाबद्दल एवढंच, की रात्री दगडावर वाळत घातलेलं फडकं सकाळी गळ्यात घालण्याआधी जोरात झटका. बूटही.

आग्या मोहोळाच्या बाबतीत फडकं हातात घेऊन माश्या हाकलायला जाणं हे सगळ्यात घातक. हलणाऱ्या वस्तूवर त्या तुटून पडतात. फडकं उघडून डोकं, कान आणि तोंड झाकायचं, फक्त वाट दिसेल एवढी फट ठेवायची, आणि मोहोळापासून लांब, थेट लांब निघून जायचं.

बुटाचा सोल निघणं हा मुंबईकर ट्रेकरचा खास प्रश्न आहे. बूट महाग होते म्हणून कपाटात जपून ठेवलेले असतात, दोन पावसाळे तसेच जातात, आणि तिसऱ्या वर्षी पहिल्याच चढावर सोल उघडा पडतो. याचं कारण आपली हवा. बुटातला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू सडतो आणि भुगा होतो. वापरलेल्यापेक्षा नुसत्या ठेवून दिलेल्या बुटाचं हे जास्त होतं. अशा वेळी फडक्याची पट्टी करून तिचा मध्य चवड्याखाली घ्यायचा, टोकं पावलावर फुली घालून टाचेमागे न्यायची, परत पुढे आणून लेसच्या वर गाठायची. गाठ तळव्याखाली येऊ द्यायची नाही, कातळावर पाय सरकतो. दोन बुटांना दोन फडकी लागतात आणि कापड दिवसभरात झिजून जातं, पण माणूस धडपणे पायथ्याला पोचतो. जुने बूट निघण्याआधी आठवडाभर घरात घालून फिरा, हा उपाय अर्थात आधीचा.

चुलीवरचं किंवा स्टोव्हवरचं पातेलं उतरवायला सांडशी विसरली की फडक्याकडे हात जातोच. कोरडंच घ्या. ओल्या कापडातून उष्णता झपाट्याने हाताशी येते, वर वाफेचा चटका बसतो. आणि इथे सुती कापडाचाच आग्रह धरायला हवा, कारण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. नळीसारख्या बफला माझा मोठा आक्षेप हाच. तो उघडता येत नाही, त्याला गाठ मारता येत नाही, आणि आगीजवळ तो नको. थंडीत कानावर घ्यायला छान आहे, तेवढं त्याचं मानते.

पोळीभाजी बांधायला, सॅकचा पट्टा खांद्याला काचला तर त्याखाली घालायला, पावसात चष्मा पुसायला एक कोरा कोपरा राखून ठेवायला, धुक्यात वाट विसरू नये म्हणून झुडपाला खूण बांधायला (परतताना सोडून आणायची, गडांवर चिंध्यांची कमी नाही), फडकं लागतच राहतं. वाट चुकून अडकलात तर भडक केशरी फडकं हिरव्या डोंगरावर लांबून दिसतं. मिनिटाला सहा वेळा हलवायचं, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा वेळा. डोंगरातली मदतीची खूण तीच, शिट्टीनेही आणि विजेरीनेही.

बायकांसाठी थोडं वेगळं लिहिते, कारण मोकळेपणाने कुणी सांगत नाही. गडांवर आडोशाला जाऊन आल्यावर कागदी टिश्यू तिथेच टाकलेले असतात. गर्दीच्या गडांवर झुडपामागची जागा बघवत नाही. लघवीनंतर पुसायला एक लहान, गडद रंगाचं फडकं वेगळं ठेवावं, सॅकच्या बाहेरच्या बाजूला अडकवून उन्हात वाळू द्यावं आणि घरी आल्यावर साबणाने धुवावं. ते दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही, म्हणून त्याचा रंग वेगळाच हवा. पाळी अचानक आली तर स्वच्छ मऊ सुती फडक्याची घडी वेळ निभावते. माझ्या सॅकमध्ये धुऊन, उन्हात वाळवून, पिशवीत बंद केलेलं एक फडकं यासाठी कायम असतं. सोबतच्या मुलींना ते कुठल्या कप्प्यात आहे हे निघतानाच सांगून ठेवते, म्हणजे चारचौघांत विचारायला नको.

विकत घ्यायचं तर छापील बंडानाच्या मागे लागू नका. मंगलदास मार्केटला जा, ३६ इंच पन्ह्याचं मलमल किंवा पातळ कॅम्ब्रिक घ्या. जेवढा पन्हा तेवढंच लांब कापून मागा, म्हणजे नेमका चौकोन मिळतो आणि कर्णावर सव्वा मीटरच्या पुढे भरतो. झोळीला, घोट्याला, सोलला, सगळ्याला पुरतो. चारही कडांना बारीक तुरपाई करून घ्या, नाहीतर सूत सुटत राहतं. एक केशरी किंवा भडक पिवळं, एक पांढरं. पांढऱ्यावर जखमेतलं रक्त किती वाहतंय ते कळतं आणि गाळलेल्या पाण्यात काय सापडलं तेही. पहिल्यांदा वापरण्याआधी चारपाच वेळा धुवा. नव्या कापडाची खळ गेल्याशिवाय ते ना घाम टिपतं, ना पाणी गाळतं.

आणि निघायच्या आधल्या रात्री, घरीच, कुणाच्या तरी हाताला झोळी बांधून बघा, बूट घातलेल्या पायाला घोट्याची पट्टी बांधून चार पावलं चालवा. मी आमच्या गटात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाकडून हे लोकलमध्येच करून घेते. बदलापूरच्या पुढे गाडी बऱ्यापैकी रिकामी होते, बाकावर पाय पसरायला जागा मिळते, आणि कर्जत येईपर्यंत दोघांनी एकमेकांना दोनदा बांधून होतं. समोर बसलेले काका बहुतेक वेळा विचारतात, काय चाललंय. त्यांच्या खांद्यावर पंचा असेल तर त्यांनाही मी हात पुढे करायला सांगते.